कासमभाईंनी राखलेले वेल

पाथर्डी तालुक्यातल्या या गावी माझी बदली झाली, तेव्हा शाळेच्या वाटेवर मला पहिले भेटले ते कासमभाई. रताळ्याच्या रानात वाकून ते एकेक वेल उचलत होते आणि पलीकडे टाकत होते. बांधावर थांबून मी विचारले, "एवढे हिरवेगार वेल उपटता कशाला?"

"उपटत न्हाई, उलटतोय. वेलानं जागोजागी मुळं धरली की बुडातलं रताळं पोसत न्हाई."

शेजारच्या सरीतून त्यांच्या पत्नी हलिमाबी म्हणाल्या, "मास्तर, वेलाचं काई इचारू नका. दिस मावळंस्तोवर सोडनार न्हाईत." कासमभाई मोठ्याने हसले. त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकासाठी लिहायला बसलो आणि पहिल्यांदा ते हसणेच आठवले. अलीकडे ते फारसे ऐकू येत नाही.

त्यांची शेती साधी, पण नेमाची. एका पट्टीत लागोपाठ दोन वर्षे रताळी लावायची नाहीत. मध्ये मटकी नाहीतर मूग घ्यायचा. काढणी झाली की काही पाला जनावरांना, बाकीचा खतात. किडके रताळे रानात राहू द्यायचे नाही. नगरहून एक व्यापारी आले होते. माल चांगला आहे, दरसाल सगळ्या रानात हेच लावा, असा त्यांनी आग्रह धरला. कासमभाईंनी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, "रान थकतं, साहेब. आपन बोलून दावतो, त्याला बोलता येत न्हाई." व्यापारी दुसऱ्या गावी गेले.

बहात्तर साली पावसाने पाठ फिरवली. विहिरींचे तळ दिसू लागले. हिवाळ्यात गावातली सगळी माणसे पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर गेली आणि तिथेच खोपटी बांधून राहिली. मुलेच तिकडे गेल्यावर मलाही कामाच्या तळावर शाळा भरवण्याचा हुकूम झाला. हलिमाबी निघाल्या. कासमभाई मात्र निघेनात. त्यांच्या अंगणातला तो संवाद माझ्यासमोर झाला.

"चार वेलांपायी एकलं ऱ्हानार तुमी?" हलिमाबींनी विचारले.

"रताळी तर समद्यांनी खाऊन संपवली. वेल बी वाळले तर परत येऊन लावनार काय?"

पिठाचा डबा हलिमाबींनी कासमभाईंसाठी ठेवला आणि बाकीच्यांबरोबर चालू लागल्या.

दर रविवारी मी सायकलवरून गावात जात असे. कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीतली आपल्या वाट्याची थोडी हलिमाबी पुरचुंडीत बांधून देत. गावात शिरले की दारोदार कुलपे दिसत. कासमभाई विहिरीच्या तळातून वाटी-वाटीने पाणी भरून आणत, त्याने आधी तोंड धूत आणि तेच पाणी वेलांच्या वाफ्याला घालत. वाफा केवढा, तर दोन घोंगड्यांएवढा. वर तुराट्यांची सावली केलेली. एकदा ते मला म्हणाले, "मास्तर, जरा बसा. आठवडाभर मानसाचा आवाज न्हाई ऐकला. परवा मीच मोठ्यानं बोललो, तर दचकलो."

चैत्रात हलिमाबींना ताप भरला. तो उतरेना, तेव्हा मी कासमभाईंना कळवायला गेलो. त्यांच्या हातात पाण्याची घागर होती. ती तिथेच ठेवून ते अनवाणी माझ्या सायकलवर बसले. तळावर त्यांना पाहताच हलिमाबी पुटपुटल्या, "वेल कुनाच्या भरवशावर टाकले? जावा, वाळून जातील."

"वाळू दे," कासमभाई म्हणाले आणि त्यांच्या उशाशी बसले. नंतर ते तिथून उठलेच नाहीत. डॉक्टर आले, सुई दिली, पण हलिमाबी वाचल्या नाहीत. दगड वाहणाऱ्या ट्रकमधून आम्ही त्यांना गावी आणले. माती देऊन झाल्यावर सगळ्यांना कामावर परतणे भाग होते. एकुलती एक मुलगी दूर, बीडकडे दिलेली. तीही चार दिवस राहून गेली. मग त्या गावात पुन्हा कासमभाई एकटेच उरले.

वाफा करपला होता. फक्त एका कडेला, दाट पाचोळ्याखाली, थोडे वेल तग धरून होते. "काढून फेकावं वाटलं," त्यांनी मला नंतर सांगितले. "ह्यांच्यापायी ती एकली गेली तिकडं. पन ती जाताना बी ह्यांचंच बोलली." त्यांनी पुन्हा घागर उचलली.

त्या पावसाळ्यात मात्र पाऊस झाला आणि गाव परतले. त्या मूठभर वेलांचे कासमभाईंनी तुकडे केले, लावले, वाढवले, पुन्हा तुकडे केले. ज्याचे रान सर्वांत लहान, त्याला पहिल्यांदा दिले. कोणाकडून काही घेतले नाही. लोक वेल घेऊन जाताना, पुढच्या साली रान बदला, एवढेच ते बजावत. महाशिवरात्रीला गावातल्या प्रत्येक चुलीवर रताळी शिजली. उपास नसलेल्या घरांतसुद्धा शिजली.

आता गावाने साठीच्या सत्काराचे ठरवले, तेव्हा ते संकोचले. "माझा कशाला? कामावर ती गेल्ती. तिच्या सुकडीवर मी जगलो." म्हणून हा गौरव दोघांचा आहे, असे मी या अंकात आवर्जून नोंदवतो.

परवा संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो होतो. ते चुलीपुढे एकटेच भाकरी खात होते. मला पाहून लगबगीने उठले, दुसरी ताटली पुसली आणि म्हणाले, "बसा. एकल्याच्या पोटात घास उतरत न्हाई." मी घरून जेवून निघालो होतो, तरी बसलो.

गावकऱ्यांना माझी एक विनंती आहे. हार-तुरे आपण एकदाच घालणार. पण त्यांच्या दारावरून रोज जातो. तेव्हा जाता-येता आत डोकावावे. कासमभाईंना उदंड, निरोगी आयुष्य मिळो, त्यांच्या हातापायांची ताकद टिकून राहो. आणि त्या साऱ्या वर्षांत ते जेवायला बसतील तेव्हा समोर कोणीतरी बसलेले असो.