घरच्या इंजिनिअरचा होकार

सासूबाईंच्या खोलीत कूलरची हवा पोचत नाही, यावरून भिंत पाडायचा विषय निघाला. मे महिना, तोही नागपूरचा. कूलर हॉलच्या खिडकीला आणि मधे ही भिंत. सासऱ्यांनी ठरवलं, भिंतच काढून टाकू, एकच मोठा हॉल होईल. हिंगण्याच्या कंपनीत पस्तीस वर्षं काढलेला माणूस. त्यांनी ठरवलं की ठरलं.

मिस्त्री आला. भिंतीवर बोटं वाजवली, वरचा मजला पाहून आला. वर धाकटा दीर, जाऊ आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी राहतात. मिस्त्री म्हणाला, काढायला काही नाही, पण वर बांधकाम आहे, एकदा इंजिनिअरला दाखवून घ्या.

सासरे हसले. "काखेत कळसा अन् गावाले वळसा. इंजिनिअर तं घरातच हाये."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे, हे खरं. लग्नाआधी दीड वर्ष वर्धा रोडच्या एका साइटवर होते. लग्न जमताना नोकरीला कोणाची ना नव्हती. नंतर सासूबाईंचे गुडघे, मग पहिलं मूल, मग दुसरं, आणि दरवेळी "पुढच्या वर्षी पाहू". एकोणीस वर्षं ते पुढचं वर्ष काही उजाडलं नाही. पदवीचा कागद कपाटात शालूच्या खाली पडलाय.

वरचा मजला बांधला तेव्हा मी बीमबद्दल विचारायला गेले होते. सासरे म्हणाले, तू लेबरच्या चहाचं पाहा. स्लॅब टाकला त्या दिवशी मी तीस माणसांचं वरण-भात आणि वांग्याची भाजी रांधत होते. त्यामुळे या भिंतीच्या डोक्यावर वरचं वजन घेणारा बीम आहे की नाही, हे इंजिनिअर सुनेला ठाऊक नव्हतं.

पण भिंत नऊ इंची, म्हणजे भार पेलणाऱ्या जाडीची होती आणि वरच्या मजल्यावरची भिंत बरोबर तिच्याच रेषेत. एवढ्यावरच कोणीही शहाणा माणूस थांबला असता. मलाही म्हणायचं होतं की मला सांगता येणार नाही, बाहेरचा इंजिनिअर बोलवा. पण नवऱ्याने टीव्हीचा आवाज बंद केला. सासरे वाट पाहत होते. माझ्या उत्तरासाठी या घरात कोणी ताटकळल्याचं मला आठवत नाही. मिस्त्रीने विचारलं, "काढू का मॅडम?"

साइट सुटल्यापासून मला कोणी मॅडम म्हटलं नव्हतं.

"काढा," मी म्हटलं.

लिहितानाही लाज वाटते. डोक्यावर तीन माणसं राहत होती आणि मी एका हाकेवर विकली गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीने छताजवळचं प्लास्टर काढलं, दोन विटा उपसल्या. धूळ नको म्हणून जावेच्या मुलीला मीच वर पाठवलं होतं. ती दोरीवरच्या उड्या मारत होती. मी स्टुलावर चढून भोकात पाहिलं. समोर दिसतोय तो बीम की नुसती स्लॅबची कड, मला ओळखता येईना. साइटवर असताना हे मी दुरून सांगितलं असतं. वर मुलगी मोठ्याने मोजत होती, एकवीस, बावीस. मिस्त्रीने हातोडा उचलला.

"थांबा. मले समजून नाही राहिलं. बाहेरचा इंजिनिअर बोलवा."

मिस्त्रीने हातोडा लगेच खाली ठेवला. तो बहुधा याचीच वाट पाहत होता. सासरे म्हणाले, "काल तं हो म्हनत होती. मंग तुयं शिक्षन गेलं कुठं?"

उत्तर जिभेवर होतं. चांगलं एकोणीस वर्षं मुरलेलं होतं. पण ते दिलं नाही, कारण माझं शिक्षण त्यांनी गंजवलं असेल, होकार काही त्यांनी माझ्या तोंडातून ओढून काढला नव्हता.

दुपारी बाहेरचा इंजिनिअर आला, जेमतेम तिशीचा. दहा मिनिटांत त्याने सांगितलं की बीम नाही, वरची भिंत आणि स्लॅब दोन्ही याच भिंतीवर बसलेत. काढायचीच तर आधी टेकू, मग लोखंडी गर्डर. नाहीतर राहू द्या. सासरे त्याच्या प्रत्येक शब्दाला मान डोलावत होते. मी कोण, हे त्याला कोणी सांगितलं नाही. मी फक्त पाणी नेऊन दिलं. शेवटी सासूबाईंचा पलंगच हॉलमध्ये आणला. एवढी साधी अक्कल पहिल्या दिवशी कोणालाच नव्हती, मलाही नाही.

संध्याकाळी जाऊ बँकेतून आली. तिला दिराने फोनवर अर्धीच गोष्ट सांगितली होती. पर्ससुद्धा न ठेवता तिने माझा हात धरला. "ताई, तुमी होत्या म्हणून माही पोरगी वाचली."

ते तसंच राहू देता आलं असतं. घरात कोणी तिला वेगळं सांगायला गेलं नसतं. पण मला ते गिळवेना. मी म्हटलं, भिंत काढा म्हणून मिस्त्रीला मीच सांगितलं होतं, माहीत नसताना.

तिने हात सावकाश काढून घेतला आणि जिना चढून गेली. दुसऱ्या दिवशी बँकेत जाताना मुलीला स्कुटीवर घेऊन ती वाडीला आईकडे सोडून आली. एरवी ती तिला माझ्याजवळ ठेवून जायची.