पाच डबे तेल आणि एक जावई

माझं वजन ब्याऐंशी किलो आहे, हे वारज्यातल्या एका देवळात माइकवरून जाहीर झालेलं आहे.

झालं असं, की माझी कंबर धरली. (हिंजवडीत बारा वर्षं खुर्चीवर बसून दुसरं काय होणार?) दोन महिने मी अंथरुणात. सासूबाई मूळच्या वारज्याच्या. गाव शहरात गेलं तरी त्यांचा देव गावचाच! त्या परस्पर नवस बोलल्या: जावई चालायला लागले की त्यांची गोडेतेलानं तुला करीन आणि तोवर पायात चप्पल घालणार नाही. मी चालायला लागलो तो नेमका एप्रिलात. डांबर तापलेलं आणि सासूबाई अनवाणी! मला खरंच लाज वाटायची.

"तेल किती लागेल, दुकानदारांना विचारू या," बायको म्हणाली.

"घरात इंजिनिअर असताना?"

हिशेब सोपा होता. माणूस किलोत, तेल लिटरमध्ये, मध्ये घनता. एक लिटर तेल भरतं ०.९१ किलो. म्हणजे तेल हलकं, म्हणजे कमी लागणार! ब्याऐंशी गुणिले ०.९१, साडेचौऱ्याहत्तर लिटर. पंधरा लिटरचे पाच डबे.

दुकानदार म्हणाले, "सहा न्या."

"काका, यामागे विज्ञान आहे."

"असेल. पुढे मात्र तुम्ही आहात," ते माझ्या पोटाकडे बघत म्हणाले.

मी पाचच डबे नेले.

देवळात एका पारड्यात मी बसलो, दुसऱ्यात डबे ठेवले. माझं पारडं धाडकन जमिनीवर! गुरुजी म्हणाले, "घड्याळ काढा." काढलं. मग मोबाइल, पाकीट, पट्टा. पारडं ढिम्म.

"अहो, पोट तरी आत घ्या!" बायको कुजबुजली. (त्यानं वजन कमी होत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी घेतलं.)

शेवटी गुरुजींनी माइकवरून विचारलं, "जावईबापू, खरं वजन किती?"

"ब्याऐंशी!"

"कवाचं?" मागून कुणीतरी विचारलं आणि अख्खं देऊळ हसलं.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्या मटकन खाली बसल्या. "देवाला माझं तेल नगं हाय," त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "माझंच कायतरी चुकलं."

पारड्यात बसल्या बसल्या मी हिशेब पुन्हा केला आणि घाम फुटला. मी माइक मागून घेतला.

"आई, तुमचं काही चुकलं नाही. देवाचंही नाही. तेल हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाला जास्त लागतं. मी भागायच्या जागी गुणलं. नव्वद लिटर हवं होतं. सहा डबे."

बायकोनं तिथूनच दुकानात फोन लावला. "सहावा डबा काढूनच ठेवलाय म्हणाले," तिनं सगळ्यांसमोर सांगितलं.

डबा आला, पारड्यात चढला आणि मी अलगद वर गेलो. टाळ्या पडल्या. सासूबाईंनी चप्पल पायात सरकवली, तेव्हा मला मोकळं वाटलं. तेवढ्यात त्यांनी पुन्हा हात जोडले.

"देवा, कंबर दिलीस. आता जावईबापूंना गणित येऊ दे. पेढं वाटीन."

"आई, त्यासाठी परत अनवाणी नका हं राहू!" मी घाबरून ओरडलो.

"छ्या! कंबरेला दोन महिनं लागलं. ह्याला माझा जलम पुरायचा न्हाय."