लाल क्रॉसवाली सहल

वाडीतल्या मंडळींनो, फळ्यावरचा आजचा सुविचार मीच पुसलाय. त्याच्या जागी हे वाचा.

आमच्या थोरल्या भावजींनी लष्कराची जुनी ॲम्ब्युलन्स लिलावात घेतली, ती तुम्ही पाहिलीच आहे. आत खाटा, स्टोव्ह, खिडक्यांना पडदे. लाल क्रॉस मात्र तसाच ठेवलाय. का, तर नाक्यावर कोणी अडवत नाही!

आज आम्ही अख्खं घर तिच्यातून खडवलीपलीकडच्या तळ्यावर सहलीला गेलो. तळ्यातल्या बेटावर गाव आहे. क्रॉस पाहून तिथून एक होडी घाईघाईने आली. आत कळांनी पिळवटलेली बाई. तिचा नवरा हात जोडून म्हणाला, "दादा, बायको अडलीय माजी. कल्यानला इस्पितलान न्याल का?"

भावजी म्हणाले, "छे, छे! विटाळ होईल. आत सोवळ्यातला स्वयंपाक आहे."

खाटेवर पुरणपोळ्यांचा डबा आडवा झाला आणि बाई काठावरच्या एका बैलगाडीत चढली. मीही उतरून तिच्याशेजारी बसले. वाटेतच मुलगी झाली, माझ्या पदरात. दोघी सुखरूप आहेत, बैलांच्या कृपेने.

आता आंघोळीशिवाय मला घरात घेत नाहीत, म्हणून फळ्यापाशी उभी आहे. भावजी अंगणात गाडी धुतायत. क्रॉस कसा लखलखतोय!

सकाळी मी त्याच्यावर डांबर फासणार आहे. बादली धरायला कोण येतंय?