रोपांवरून फिरणारा हात

डॉ. कुमुद आरोलकर यांची आणि माझी पहिली ओळख दाराआडून झाली. मुलुंडच्या आमच्या महाविद्यालयात त्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या प्रमुख होत्या. मी तळकोकणातल्या गावच्या शाळेत शिकलेला, चाळिशीकडे झुकलेला शिक्षक. त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करण्याची इच्छा धरून आलो होतो. प्रयोगशाळेचं दार ढकलणार, तोच आतून आवाज आला, "तिथेच थांबा. हात कुठे कुठे लावून आलात?"

माझ्या हातात देवळातला प्रसाद होता. घाबरून मी खरं ते सांगितलं. जरा वेळाने बाई हातमोजे काढून बाहेर आल्या, दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली आणि म्हणाल्या, "प्रसाद इथे घेऊ. आत नेलात तर माझ्या कामाची वाट लागेल."

बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या विद्वत्तेविषयी इतर जाणकार लिहितीलच. मी त्यांच्याकडून भ्यायला शिकलो, आणि कशाला भ्यावं हेही शिकलो. म्हणून तेवढंच लिहितो.

बाईंचा विषय आरएनए. पेशीतल्या जनुकांवरून कामाचे निरोप तयार होतात, ते म्हणजे आरएनए. हे निरोप फार नाजूक असतात. आपल्या घामात आणि थुंकीत असलेल्या द्रव्यांनी त्यांचा बघता बघता चुरा होतो. या निरोपांवर पेशी बारीक रासायनिक खुणा करते. ऊन तापलं, पाणी तुटलं, जमिनीत मीठ चढलं की त्या खुणा बदलतात आणि कोणता निरोप आधी वाचायचा, कोणता जपायचा, कोणता टाकून द्यायचा हे ठरवायला मदत करतात. बाई वर्गात सांगत, "दारात अचानक दहा पाहुणे उभे राहिले तर तुम्ही नवा पदार्थ शिकायला बसता का? घरात आहे त्यातलं आधी काय चुलीवर ठेवायचं ते ठरवता. झाडही तेच करतं. फरक एवढाच, की झाडाला घर सोडून पळता येत नाही."

हे शेवटचं वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. आमचं शेत खाडीच्या काठावर आहे. उधाणाला बांध फुटला की खारं पाणी भातात शिरतं आणि ते फार दिवस साचून राहिलं तर हिरवं शेत पांढरं पडतं. ते पाणी येताना मी लहानपणी पाहिलेलं आहे. त्याला आवाज नसतो.

महाविद्यालयाच्या गच्चीवर शेडनेटखाली भाताच्या रोपांचे ट्रे होते. बोरिवलीहून बसने येऊन बाई आधी गच्चीवर जात, रोपांना पाणी घालत आणि घालता घालता पुढच्या रांगेवरून तळवा फिरवत, लेकराच्या केसांवरून फिरवावा तसा. मागच्या रांगेपर्यंत त्यांचा हात पोचत नसे. पुढच्या रांगेत एक नवं वाण होतं, मागे नेहमीचं साधं भात. मीठ घालण्याआधीच त्या नव्या वाणाच्या आरएनएवर तयारीच्या खुणा दिसत. हे वाण खाऱ्या जमिनीत तग धरेल, असं बाईंना वाटू लागलं. त्यांचा निबंध एका मोठ्या नियतकालिकाने स्वीकारला. थोडं बी त्यांनी माझ्या थोरल्या भावाला शेताच्या कोपऱ्यात लावून बघायला दिलं. त्या वर्षी बांध टिकला आणि पीक डोलदार आलं. दादाने हौसेने ते बी वाढवलं, बियाण्याला ठेवलेलं वाडवडिलांचं जुनं भात भरडून खाल्लं आणि पुढच्या पावसात सगळं शेत नव्या वाणाखाली आणायचं ठरवलं.

त्याच सुमारास एकदा रेश्मा आमच्याबरोबर गच्चीवर होती. घाटकोपरची ही संशोधक विद्यार्थिनी आमच्यात सर्वांत धीट. बाईंचा हात रोपांवरून फिरताना पाहून ती म्हणाली, "बाई, लाडावून ठेवलीत तुम्ही यांना. मागच्यांनी काय घोडं मारलंय?"

मी हसलो. बाईंचा हात मात्र रोपांवरच थांबला. मग त्यांनी तो भाजल्यासारखा मागे घेतला.

त्याच दिवशी त्यांनी दोन्ही भातं नव्या ट्रेंमध्ये पेरली. या वेळी रांगा बदलल्या. साधं भात पुढे, नवं वाण मागे. रोज पुढच्या रांगेवरून हात फिरवला, पण आता डोळ्यांत माया नव्हती, धास्ती होती. पानं कापून आरएनए काढला, खुणा वाचल्या. रेश्मा संगणकाच्या पडद्यासमोरून उठलीच नाही. तिने मला हाक मारली. "सर, हे बघा ना. हे साधं भात आहे. आपलं नेहमीचं. आणि याच्यावर त्याच खुणा." नव्या वाणावर काही नव्हतं. मिठाची चाहूल म्हणून आम्ही जी वाचली, ती हाताच्या स्पर्शाची होती.

निबंध गेला, त्यावर उभी असलेली माझी पीएच.डी. गेली. मी चाचरत म्हटलं, "बाई, आणखी एकदा करून बघू या का?"

"करू की. पण सदा, तुझा दादा पेरणी कधी करतोय?"

निबंधाचा विचार करणारा मी, आणि शेताचा विचार करणाऱ्या बाई. मी लगेच फोन लावला. दादा म्हणाला, "बी भिजत घातलंय. मोड येतले आता. कित्याक विचारतंस?"

निबंध मागे घेत असल्याचं बाईंनी त्याच दुपारी कळवलं आणि कुर्ल्याहून मिळाली ती गाडी धरून त्या माझ्याबरोबर गावी आल्या. वाटभर मी नामस्मरण करत होतो. दादाचा राग मला ठाऊक होता.

अंगणात बाई बसल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "चूक माझी आहे. हे भात खाऱ्या पाण्यात टिकेल असं मला वाटलं होतं. आता तसं म्हणता येत नाही."

"तुमचो प्रयोग झालो," दादा कडाडला, "माझा शेत जातला, त्याचा काय? पोरांनी खावचा काय?"

"नुकसान झालं तर ते माझ्यामुळे. म्हणूनच फोनवर न सांगता आले."

शेवटी वहिनीने सूप उचललं. "शेजाऱ्यांकडे जुना बी आसा. चला बाई, माझ्या वांगडा चला. मागूक लाज वाटता, ती दोघींनी वाटून घेवया."

आणि विभागप्रमुख आरोलकर बाई वहिनीमागोमाग घरोघर गेल्या. प्रत्येक उंबऱ्याशी त्यांनी तीच चूक पुन्हा सांगितली. कोणी पायली दिली, कोणी शेर, कोणी दोन टोमणे.

दादाने जुनं भात पेरलं. हट्टाने एका कोपऱ्यात नवं वाणही लावलं. त्या पावसाळ्यात बांध फुटला. पाणी ओसरल्यावर तो कोपरा पांढरा पडला होता. दादाचा फोन आला. "बाई खंय आसत? त्यांका सांग, बाकीचा भात उभा आसा." ते ऐकून आनंद व्हायच्या आधी माझ्या मनात भीतीच उभी राहिली. रेश्माने थट्टा केली नसती तर? बाईंनी निबंध छापून येईपर्यंत वाट पाहिली असती तर? देवापुढे बसलो की हा प्रश्न अजून मनात येतो.

त्यानंतर बाईंनी रोपांना हात लावणं सोडलं. पाणी लांबून, नळीने. पुढे त्यांनी स्पर्शाने बदलणाऱ्या खुणांवरच नव्याने काम केलं. निबंध लहान झाला, पण खरा. माझी पीएच.डी. उशिरा झाली. त्या काळात घरी अभ्यासाला जागा नाही म्हणून त्यांनी आपल्या खोलीची किल्ली रविवारसाठी माझ्याकडे देऊन ठेवली होती. "पंखा बंद करून जा," एवढंच बोलल्या.

गेल्या हिवाळ्यात बाईंच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. अंधेरीच्या इस्पितळात मी बाहेरच्या बाकावर बसून होतो आणि एखाद्या मुलासारखा घाबरलो होतो. शुद्धीवर आल्यावर त्यांनी विचारलं ते जुन्या भाताचं. ते खाऱ्या पाण्यात कसं उभं राहतं, त्याच्या आरएनएवर कोणत्या खुणा आहेत, हे अजून कोणालाच नीट ठाऊक नाही. निवृत्तीनंतर हेच काम हाती घ्यायचं त्यांच्या मनात आहे.

दादा म्हणतो, उधाणाचं पाणी दरसाल बांधावर थोडं आणखी वर चढतं. मी साधा भाविक माणूस. देवाजवळ बाईंसाठी उदंड आयुष्य आणि निरोगी शरीर मागतो, आणि हे मागणं निःस्वार्थ नाही हेही त्याला सांगून टाकतो. पाणी आमच्या शेताकडे येतं आहे. ते पोचायच्या आत खरं काय ते सांगणारं कोणी आमच्याजवळ असायला हवं.