फणसाच्या फांदीवरचा घोस

त्या हेडमास्तरांना मी अजून माफ केलेलं नाही. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसावर राग धरू नये असं घरचे म्हणतात. मी धरते.

गोव्यात डिचोलीच्या एका मराठी शाळेत मी तेव्हा चौथीला शिकवत होते. राहायला सर्वणला, सासरी. परसात काजूच्या सावलीला माझ्या तीन मधपेट्या होत्या. माशी सातेरी, आपल्या रानातलीच. हा नाद मला लावला शेजारी भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या एका खाणमजुराने. तो दोडामार्गाकडचा, झाडांच्या ढोलीतली पोळी बघत वाढलेला. धूर न करता, उघड्या हातांनी तो पेटी उघडायचा, तीही क्वचित. मला सुरुवातीला रोज झाकण काढून बघायचा सोस होता. एकदा तो म्हणाला, "बाई, रोज रोज उघडू नकात. घर तेंचा, आपला नाय."

ते मी पाळलं. पावसाळ्यात माशांना पुरेल एवढा मध पोळ्यात ठेवायचा, आणि उरला तरच वैशाखात एखाद-दोन बाटल्या काढायच्या. खनिजाच्या ट्रकांनी रस्त्याकडेची फुलं लाल धुळीने माखली, त्या वर्षी मी मधाला हातही लावला नाही.

गोवा राज्य झालं, त्यानंतरच्या हिवाळ्यात शाळेत मोठा कार्यक्रम ठरला. वरचे साहेब येणार होते. राजभाषा कोकणी की मराठी, हा वाद नुकताच होऊन गेलेला. आता मराठी शाळांना कोण विचारणार, या धास्तीने हेडमास्तर पंधरा दिवस नीट जेवले नसतील. भिंतींना चुना लागला, अंगण सारवलं गेलं, मांडव पडला.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी वर्गाच्या जनेलातून मला आवारातल्या फणसावर माशांचा घोस लोंबताना दिसला. वसाहत वाढली की जुनी राणी अर्ध्या माशा घेऊन बाहेर पडते. नवी जागा सापडेपर्यंत सगळ्या अशा एकमेकींना धरून फांदीवर थांबतात. पोटं मधाने भरलेली असतात आणि राखायला घर नसतं, त्यामुळे त्या सहसा चावत नाहीत. मी अख्खा वर्ग बाहेर नेऊन लांब बसवला. चाळीस मुलं गप्प बसून वर बघत होती. एरवी त्यांना गप्प करताना माझा घसा बसायचा.

हेडमास्तर आले. हे आजच्या आज जायला हवं, म्हणाले. मी सांगितलं की घरून टोपली आणते आणि फांदीला लावून ठेवते. माशा आपणहून आत चढतील, तिन्हीसांजेला मी त्यांना घेऊन जाईन. ते दोन शिक्षकांच्या देखत म्हणाले, "ठीक आहे बाई. संध्याकाळपर्यंत थांबतो."

मधल्या सुट्टीत मी सर्वणला गेले. टोपलीला आतून मेण चोळलं, फडकं घेतलं. परतताना बस ट्रकांच्या रांगेत अडकली. शेवटी मी उतरले आणि टोपली काखेला लावून चालत निघाले. शाळेत पोचले तेव्हा सव्वादोन झाले होते.

फाटकातच रॉकेलचा वास आला. फणसाची फांदी काळी पडली होती. खाली माशांचा सडा, कितीतरी अजून जिवंत, पंख जळून गेल्यामुळे नुसत्या सरपटत होत्या. शिपाई त्यांना केरसुणीने लोटत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला की पलिता सरांनी स्वतःच धरला.

मी गुडघ्यांवर बसून त्या ढिगात राणी शोधली. सापडली. एक पंख गेलेला, भोवती दहा-बारा माशा तिला झाकून बसलेल्या. सगळ्यांना टोपलीत घेतलं. घरी पोचेपर्यंत ती मेली.

पण त्याआधी मी हेडमास्तरांच्या खोलीत गेले. तुम्हालाच यायला उशीर झाला, साहेबांना माशी चावली असती तर शाळेचं काय झालं असतं, असं ते बोलत राहिले. मी म्हटलं, "तुम्ही शब्द दिला होता."

ते हसले. "माशांसाठी शब्द?"

"शब्द मला दिला होता."

दुसऱ्या दिवशी सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. ते मी केलं नाही, मागच्या बाकावर बसून राहिले. त्याबद्दल मला मेमो आला. उत्तरात मी घडलं ते सगळं लिहिलं, दोन पानं भरून. त्यांनी बोलावून सांगितलं, एवढंच लिहा की तब्येत बरी नव्हती. मी तो कागद बदलला नाही. नवऱ्याने दोनदा समजावलं, तरीही नाही.

शेजारच्या मजुराला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तेवाच एखाद्या पोत्यात कित्याक घेतलास नाय?"

पोत्यात घेता आल्या असत्या. मुलांच्या खाऊची रिकामी पोती कोठीत पडलेली होती. मला मात्र टोपली हवी होती, आणि वर हेडमास्तरांची परवानगी. स्वतःवरचा हा राग त्या रागापेक्षा कमी नाही.

निवृत्त झाल्यावर एकदा हेडमास्तर सर्वणला आमच्याकडे आले. खोकल्याने पार वाळले होते. वैद्याने रानमध सांगितला होता. मी चहा केला आणि मध देणार नाही म्हणून सांगितलं.

"अजून मनात आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हटलं.

ते चहा संपवून गेले. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. औषधाला कोणी नाही म्हणतं का, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण बाटल्या कपाटात होत्या आणि किल्ली माझ्या कमरेला होती.