हद्दीवरच्या दगडाचा पुजारी

लीड्सहून क्लिनिकला जाताना मी माळावरच्या एका लेबायमध्ये, रस्त्याकडेच्या गाड्यांच्या थांब्यावर, चहाला थांबायचो. तिथे तो भेटायचा. यॉर्कशर-लँकेशरच्या हद्दीवर इथे पूर्वी व्यापारी ठाणं होतं, असं सांगणारा एक दगड तिथे आहे, आणि कौन्सिलनं त्याची देखभाल याच्याकडे दिली होती. नाव मी कधी विचारलं नाही. तो टोपी काढायचा, दगड ओल्या फडक्यानं पुसायचा, तडे शोधत त्याच्याभोवती फिरायचा आणि चीज-कांद्याच्या सँडविचचा पहिला तुकडा कावळ्यांसाठी पायथ्याशी ठेवायचा. बोलायचा मोजकंच, तेही आधी "वेल" म्हणून, बराच वेळ थांबून.

पुण्याहून आलेल्या आईनं हे सगळं गाडीतून पाहिलं. "प्रदक्षिणा घातली, नैवेद्यही दाखवला. पुजारी आहे रे," ती म्हणाली. मी समजावेपर्यंत ती उतरून दगडाला कुंकवाचं बोट लावत होती. त्यानं अदबीनं मान झुकवली. मला तोंड कुठे लपवू असं झालं.

आई परत गेली, कुंकू पावसानं धुऊन गेलं. वसंतात तो दगडावरची अक्षरं लाल रंगानं रंगवत होता. शेवटी त्यानं वर मधोमध एक ठिपका दिला. तो ठिपका मूळचा नाही, आईच्या कुंकवाचा होता, असा खुलासा करायला मी घाईघाईनं गेलो.

"वेल," तो म्हणाला आणि थांबला. "दगडावर जे होतं ते सगळं पुन्हा रंगवायचं, असं कौन्सिलच्या वर्कशीटवर आहे."

फोनवर आईला सांगितलं, तर तिला काहीच नवल वाटलं नाही.

"त्याच्या नैवेद्यात कांदा नसतो ना रे?"

"नसतो," मी म्हटलं.