ठराव सर्वानुमते नव्हता

भाऊजी गेल्याचं मला आधी मोबाइलवर कळलं, घरातून नंतर. ‘आपल्या शहराचे शिल्पकार, माजी सरपंच यांचे दुःखद निधन.’ खाली जोडलेल्या हातांची ही रांग. शिल्पकार म्हणे! माझे धाकटे दीर होते ते. एका अंगणात उभा जन्म काढला आम्ही... काय घडवलं ते मला विचारा. आता दीड महिना झाला, लोकांचं गोडगोड बोलून झालं असेल, म्हणून लिहिते.

आमचं गाव वराळ्याच्या अलीकडं, इंद्रायणीकाठी. मी गावच्याच शाळेत शिकवायचे. ग्रामसभेत आम्ही बायका मागं पदर सावरून बसायचो, तोंडातून शब्द नाही. भाऊजी सरपंच झाले आणि पहिल्याच सभेत सगळ्यांदेखत म्हणाले, “वहिनी, उठा, बोला. हितं कुणाच्या बापाला भ्यायचं न्हाई.” मी उठले. बौद्धवस्तीला नळ नाही, हे बोलले. महिन्याभरात नळ आला. ते त्यांनीच केलं, मी नाकारत नाही. म्हणून तर पुढचं जास्त झोंबलं.

मग कंपन्या आल्या, बिल्डिंगी उठल्या आणि भाऊजींना ‘गाव’ म्हणायची लाज वाटायला लागली. नगरपंचायत पाहिजे! शेवटची ग्रामसभा शाळेच्या ओट्यावर भरली. मी विचारलं, “शहर झाल्यावर ही सभा राहणार का?” ग्रामसेवक म्हणाला, नाही, तुमच्या वतीनं नगरसेवक बोलतील. ठराव मांडला, भराभर हात वर झाले. विरोधात कोण, तर मी एकटी. भाऊजींनी माझ्या हाताकडं नीट बघितलं आणि ग्रामसेवकाला सांगितलं, “लिवा, सर्वानुमते मंजूर.” अंगाचा तिळपापड झाला माझा.

शहर झालं. चार दिवस नळाला पाणी नाही, म्हणून वस्तीतल्या शांताबाईला घेऊन नगरपंचायतीच्या सभेला गेले, तर शिपायानं दारातच अडवलं. “मावशी, आत फक्त नगरसेवक. तुम्ही अर्ज टाका.” अर्ज टाका! तिथून तरातरा भाऊजींच्या ओसरीवर गेले आणि नाही नाही ते बोलले. ते शांतपणे म्हणाले, “व्हय वहिनी, केलता तुमी हात वर. म्या बघितला व्हता. पर एका हातापायी फाईल अडली असती.” पुढं दर भांडणात हेच. तोंडानं कबूल, कागदावर नाही. त्यांच्या आजारपणात मी पेज घेऊन जायचे, तेव्हाही म्हणायचे, “माझा विरोध होता, एवढं लिहून द्या.” ते नुसते हसायचे... असा राग यायचा!

परवा नगरपंचायतीतून एक मुलगी आली, त्यांच्यावरच्या पुस्तिकेसाठी. भाऊजींच्या ओसरीवर बसून तिनं वाचून दाखवलं, ‘गावाने त्यांना एकमुखाने साथ दिली.’ म्हटलं, “खोड ते. मी विरोध केला होता.” तिनं मोबाइलवर जुना ठराव काढला. “मावशी, इथं तर सर्वानुमते लिहिलंय. तुम्ही विरोध केलात, हे आता कोण सांगणार?”

“भाऊजींना विचार की!” मी तडकले, आणि त्यांना हाक मारायला आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेलेसुद्धा.